मुलाच्या ताब्याचा दावा आणि मोफत वकील: अर्ज कुठे, कसा आणि कधी करायचा

विधी सेवा प्राधिकरणाच्या टेबलाशी येणाऱ्या बायका बसायच्या आधीच एक प्रश्न विचारतात: "मी नोकरी करते, मग मला मोफत वकील मिळणार नाही ना?" काही वर्षं विधी स्वयंसेवक म्हणून त्या टेबलामागे बसल्यावर एवढं सांगू शकतो की या एका गैरसमजामुळे जितक्या जणी मागे फिरल्या असतील, तितक्या कागद नसल्यामुळे फिरल्या नसतील. उत्तर सरळ आहे. मिळतो. पगार कितीही असो.

मोफत विधी साहाय्य कुणाला द्यायचं, हे विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये लिहिलं आहे. त्या यादीत 'स्त्री' आणि 'बालक' हे शब्द कुठल्याही उत्पन्नाच्या अटीशिवाय आले आहेत. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत किंवा तुरुंगात असलेली व्यक्ती, यांनाही उत्पन्नाची अट नाही. यादीतल्या अशा कुठल्याच कारणात न बसणाऱ्यांसाठी मात्र उत्पन्नाची मर्यादा आहे. महाराष्ट्रात जिल्हा न्यायालयापासून उच्च न्यायालयापर्यंत ती वर्षाला ३ लाख रुपये आहे, सर्वोच्च न्यायालयासाठी ५ लाख.

म्हणजे वेगळं राहणाऱ्या नवरा-बायकोत मुलाच्या ताब्यावरून वाद असेल, तर आईचा हक्क ती आई आहे म्हणून नाही, स्त्री आहे म्हणून. नातवाचा ताबा मागणाऱ्या आजीलाही तोच. वडिलांचा हक्क त्यांच्या उत्पन्नावर किंवा यादीतल्या दुसऱ्या कारणावर अवलंबून. रिक्षा चालवणारे, गवंडीकाम करणारे, दुकानात नोकरी करणारे कितीतरी बाप या मर्यादेत बसतात. पण "हे बायकांसाठी असतं" असं कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून ते आमच्याकडे फिरकतच नाहीत. अनुसूचित जातीतल्या बापाला तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही, जातीचं प्रमाणपत्र पुरतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, नंतर हिरमोड नको. इथे तुमच्या हातात पैसे मिळत नाहीत. प्राधिकरण वकील नेमतं, त्याचे पैसे स्वतः देतं, आणि कोर्ट फी, समन्स बजावणीचा खर्च, टायपिंग, नकला, भाषांतर, साक्षीदाराचा खर्च असा दाव्याचा खर्च उचलतं. खाजगी वकिलाला आधी दिलेले पैसे परत मिळत नाहीत. तारखेला येण्याचं एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजी सहसा तुमचीच.

नोटीस आली असेल तर आधी तारीख बघा

समन्सचा कागद उलगडला की लोक आरोप वाचतात. आपल्याबद्दल काय काय लिहिलंय ते वाचून रात्रभर झोपत नाहीत. त्या कागदावर त्या क्षणी उपयोगाच्या गोष्टी तीनच: कोर्टाचं नाव, प्रकरण क्रमांक आणि पुढची तारीख. आरोपांना उत्तर वकील देईल, पण तारीख चुकली तर प्रकरण एकतर्फी चालू शकतं.

दाव्याला लेखी कैफियत (म्हणजे लेखी उत्तर) द्यायची मुदत समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांची असते, कोर्ट कारणं नोंदवून ती ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. अंतरिम ताब्याच्या किंवा भेटीच्या अर्जावर 'से' (म्हणजे तुमचं म्हणणं) तर बहुधा पुढच्याच तारखेला मागतात. ताब्याच्या प्रकरणात खरी लढाई या अंतरिम अर्जावर होते, कारण निकाल लागेपर्यंत मूल कुणाकडे राहणार हे तिथे ठरतं, आणि मूल जिथे रुळतं तिथून त्याला हलवायला नंतर कोर्टही राजी नसतं.

वकील नेमला जायच्या आतच तारीख आली तर? घाबरून घरी बसू नका. स्वतः जा. विधी सेवेकडे केलेल्या अर्जाची पोच, म्हणजे शिक्का मारलेली प्रत, सोबत ठेवा. पुकारा झाला की उभं राहून सांगा: "साहेब, मी मोफत वकिलासाठी अर्ज केला आहे, ही पोच. म्हणणं द्यायला मुदत मिळावी." एका कागदावर तेवढंच लिहून दिलंत तर उत्तमच. कौटुंबिक न्यायालयात तर पक्षकाराने स्वतः बोलणं हाच नियम आहे. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील हा हक्क म्हणून उभा राहत नाही, कोर्टाच्या परवानगीने राहतो. त्यामुळे तुम्ही बोललात म्हणून कुणी भुवया उंचावणार नाही.

कुठे जायचं

तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, उच्च न्यायालयात उच्च न्यायालय विधी सेवा समिती. दावा ज्या कोर्टात आहे तिथल्या कार्यालयात अर्ज केला तर वेळ वाचतो. दावा दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर जवळच्या कार्यालयात अर्ज द्या, ते तो पुढे पाठवतात. कोर्टाच्या आवारात कुणालाही "विधी सेवा कुठे?" विचारा, शिपाईसुद्धा दाखवतो. काळा कोट घालून गेटवर उभा असलेला, आपणहून विचारपूस करणारा माणूस मात्र विधी सेवेचा नसतो.

जाणं जमत नसेल तर १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक आहे. त्यांच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्जही करता येतो. ऑनलाइन अर्ज केलात तरी मिळालेला नोंदणी क्रमांक वहीत लिहून ठेवा. फोनमधला स्क्रीनशॉट नेमका फोन बिघडला की आठवतो.

दावा अजून झालेलाच नसेल, तुम्हालाच करायचा असेल, तर तो कुठे करायचा हे मूल नेहमी कुठे राहतं यावरून ठरतं. पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम ९ मध्ये तसं म्हटलं आहे. मूल मालेगावात शाळेत जात असताना आईने माहेरी, लातूरला दावा लावला की पहिली सहा महिन्यांची भांडणं नुसती "हे कोर्ट चालेल का" यावरच होतात.

कागद

बाईने अर्ज करताना ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, म्हणजे आधार कार्ड, बहुतेक पुरतो. उत्पन्नाच्या कारणावर अर्ज करणाऱ्या पुरुषाने उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १३ प्रमाणे त्यावर अविश्वास ठेवायला कारण नसेल तर तेवढ्यावर अर्ज मंजूर करता येतो. तरीही तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ असेल तर बरं, कारण समोरचा पक्ष "हा महिन्याला पन्नास हजार कमावतो" म्हणून तक्रार करू शकतो, आणि खोटी माहिती दिल्याचं निघालं तर मदत काढून घेतली जाते.

या खेरीज दाव्यासाठी म्हणून: मुलाचा जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड, लग्नाचा पुरावा, आलेलं समन्स किंवा वकिलाची नोटीस, आधीच्या कुठल्याही केसचे आदेश, पोलिसांत तक्रार दिली असेल तर तिची प्रत. मुलाचं लसीकरणाचं कार्ड आणि डॉक्टरच्या चिठ्ठ्या कुणाच्या फाईलमध्ये आहेत, यावरून त्याचं दुखलंखुपलं कोण बघतं हे न्यायाधीशांना कळतं. मूळ कागद कुणालाही देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ कोर्टात दाखवायला जपा.

अर्जातली एक जागा जिथे अर्ज अडतो

छापील अर्जात नाव, पत्ता, प्रवर्ग या रकान्यांत कुणी चुकत नाही. अडतं ते 'प्रकरणाची थोडक्यात माहिती' या चार ओळींत. प्राधिकरणाला दोन गोष्टी बघायच्या असतात: तुम्ही कलम १२ मध्ये बसता का, आणि सकृद्दर्शनी तुमच्या म्हणण्यात दम आहे का. दुसरी गोष्ट त्या चार ओळींतून कळते. त्या जागी आम्हाला बहुतेक वेळा हे वाचायला मिळतं:

"नवरा व सासरचे लोक खूप त्रास देतात. माझे मूल मला मिळावे व न्याय मिळावा ही नम्र विनंती."

यात मूल किती वर्षांचं, कुठे आहे, कधीपासून, काहीच नाही. हेच असं लिहिलं तर:

"माझी मुलगी ४ वर्षांची असून जन्मापासून माझ्याजवळ होती. दि. १२ जून रोजी तिचे वडील तिला फिरायला नेतो म्हणून घेऊन गेले व परत आणले नाही. सध्या ती त्यांच्या गावी आजीजवळ आहे. फोनवर बोलू देत नाहीत. मला ताब्यासाठी व निकाल लागेपर्यंत अंतरिम ताब्यासाठी अर्ज करायचा आहे."

वय, तारीख, ठिकाण, काय मागायचं आहे. वकील नेमणारा माणूस हे वाचून लगेच सांगू शकतो की प्रकरण तातडीचं आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असं म्हटलं आहे, त्यामुळे इथे '४ वर्षांची' हे दोन शब्द फार मोलाचे. सामान्यतः, हं. नेहमी नाही. मुलाचं हित हेच सर्वांत वरचं, असं त्याच कायद्याचं कलम १३ सांगतं, आणि हित म्हणजे काय हे प्रत्येक मुलागणिक बदलतं.

बापाचा अर्जही याच पद्धतीने लिहायचा. "बायको मूल भेटू देत नाही" याऐवजी "मुलगा ९ वर्षांचा, मार्चपासून आईकडे, दोनदा शाळेबाहेर भेटायला गेलो, परवानगी मिळाली नाही, मला दर आठवड्याला भेट व सुट्टीतले काही दिवस हवे आहेत". ताबा मागायचा की भेट, हे अर्जातच स्पष्ट केलंत तर पुढचा गोंधळ वाचतो. माझं मत विचाराल तर मुलाची शाळा, डबा, आजारपण सगळं आई बघत असताना केवळ ईर्षेने पूर्ण ताबा मागणारा बाप भेटीचे महिने वाया घालवतो. हे उलटंही तितकंच खरं.

सात दिवस

मोफत विधी सेवेच्या २०१० च्या नियमावलीप्रमाणे अर्जावर लगेच, फार तर सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो. आठव्या दिवशी जाऊन विचारा, त्यात कमीपणा नाही. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा आणि त्याच संस्थेच्या अध्यक्षांकडे अपील करा. जिल्ह्यात अध्यक्ष म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीश.

मंजूर झालं की वकिलाच्या नावाचं पत्र मिळतं. पॅनेलवरचा, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतला, अमुक वकील हवा, असं सांगता येतं. ते बघतात, पण बंधन नाही. समोरच्या पक्षालाही याच कार्यालयातून वकील मिळू शकतो. यात काही काळंबेरं नसतं, वकील वेगळे असतात. मात्र आपली सगळी कहाणी कार्यालयाच्या बाकावर मोठ्याने सांगत बसू नका. ती तुमच्या वकिलासाठी ठेवा.

वकील मिळाल्यावर

इथून पुढे लोक ढिले पडतात. 'सरकारी वकील' मिळाला, आता तो बघेल. (तो सरकारी वकील नव्हे. सरकारी वकील सरकारची बाजू मांडतो. हा तुमचा वकील आहे, पैसे फक्त दुसरीकडून येतात.) पॅनेलवरच्या वकिलाकडे त्याची स्वतःचीही प्रकरणं असतात. तुमची फाईल ज्या दिवशी नीट लागलेली असेल त्या दिवशी तुमचं काम नीट होतं.

पहिल्या भेटीला जाताना एका पानावर तारीखवार घटना लिहून न्या: लग्न, मुलाचा जन्म, वेगळं कधी झालात, मूल कधी कुठे होतं, शेवटचं कधी भेटलात. विशेषणं नकोत. एकदा एका बाईने शाळेच्या दुरेघी वहीत असं पान लिहून आणलं होतं, डाव्या बाजूला तारीख, उजवीकडे एक ओळ. वकिलाने तेच जवळजवळ जसंच्या तसं अर्जात घातलं. वकीलपत्रावर सही करण्याआधी त्यावर कुठल्या प्रकरणाचा क्रमांक आहे ते बघा, कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका.

प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि झालेले आदेश दिसतात. त्यामुळे "तारीख कधी आहे?" म्हणून वकिलाला दर आठवड्याला फोन करावा लागत नाही. तो फोन अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवा.

आणि पैसे. पॅनेलच्या वकिलाला तुमच्याकडून फी, 'खर्चापाणी', चहापाण्याचे पैसे, कुठल्याही नावाने काही घेता येत नाही. मागितलेच, तर तारीख आणि रक्कम लिहून जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार द्या. सचिव स्वतः न्यायिक अधिकारी असतात. वकील तारखेला येत नाही, फोन उचलत नाही, अशा कारणांवरून वकील बदलूनही मागता येतो. मात्र "माझ्या मनासारखं बोलत नाही" हे कारण नव्हे. ताब्याच्या प्रकरणात चांगला वकील तुम्हाला न आवडणाऱ्या दोन गोष्टी सांगतोच.

समोरच्याकडून मिळणारा खर्च

मोफत वकील मिळाला म्हणून बाकीचे हक्क संपत नाहीत. हिंदू विवाह कायद्याखाली प्रकरण चालू असेल तर कलम २४ प्रमाणे ज्याला पुरेसं स्वतंत्र उत्पन्न नाही तो जोडीदार, मग तो नवरा का असेना, दुसऱ्याकडून दाव्याचा खर्च आणि तात्पुरती पोटगी मागू शकतो. कलम २६ खाली त्याच प्रकरणात मुलाचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांबद्दल आदेश मिळतात. समोरच्याला नोटीस लागल्यापासून शक्यतो ६० दिवसांत खर्चाचे हे अर्ज निकाली काढावेत असं कायदाच म्हणतो. प्रत्यक्षात तसं क्वचितच होतं, पण वकिलाला ती ओळ कोर्टापुढे वाचता येते. पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही आपली मिळकत आणि देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये घालून दिलं. पगाराची स्लिप लपवणाऱ्याला ते जड जातं.

घरात मारहाण, छळ झाला असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यात कलम २१ खाली मुलाचा तात्पुरता ताबा मिळू शकतो. मोफत विधी साहाय्याची माहिती बाईला देणं हे संरक्षण अधिकाऱ्याचं कामच आहे. या आदेशांच्या प्रती फुकट मिळतात.

कोर्ट फीबद्दल एक बारीक गोष्ट. महाराष्ट्र सरकारने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने स्त्रियांना पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत कोर्ट फी माफ केली आहे. त्यात ताबा हा शब्द नाही. म्हणून फक्त ताब्याचा अर्ज असेल तर "बायकांना फी नसते" या भरवशावर राहू नका. विधी साहाय्य मंजूर करून घ्या, मग तो प्रश्न उरत नाही.

तडजोड होत असेल तर

कौटुंबिक न्यायालयात समुपदेशकाकडे पाठवतातच, आणि ताब्याच्या वादात हे मला कोर्टापेक्षा बरं वाटतं. फक्त 'वडील मुलाला अधूनमधून भेटतील' अशा पुरशीसवर (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर) सही करू नका. अधूनमधून म्हणजे किती? वार, वेळ, ठिकाण, आणून कोण सोडणार, नेणार कोण, दिवाळीच्या सुट्टीचे कुठले दिवस, मे महिन्याचे किती, फोन कधी, मूल आजारी पडलं तर भेट पुढे कुठल्या दिवशी, सगळं लिहून घ्या. लोकअदालतीत झालेल्या निवाड्यावर अपील नसतं, त्यामुळे तिथे सही करण्याआधी कागद वकिलासोबत बसून वाचा. घाई करायला लावणारे "एवढंच तर आहे, करून टाका" म्हणतील. त्यांना पाच मिनिटं थांबवा.

न्यायाधीश मुलाला चेंबरमध्ये बोलावून विचारू शकतात, मूल समजण्याएवढं असेल तर त्याची इच्छाही विचारात घेतात. त्या सकाळी त्याला काय बोलायचं ते शिकवून नेऊ नका. रोज मुलं बघणाऱ्या माणसाला पाठ केलेलं वाक्य दुसऱ्या शब्दातच कळतं.

निकालानंतर

आदेशाची प्रमाणित नकल लगेच काढून घ्या. शाळेत, पोलीस ठाण्यात, सगळीकडे तीच मागतात. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील करायला कुटुंब न्यायालय अधिनियमाने ३० दिवस दिले आहेत, आणि त्यासाठी विधी साहाय्याचा अर्ज नव्याने, उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे करावा लागतो. खालच्या कोर्टातला वकील आपोआप वर येत नाही. निकालाच्या दिवशीच त्याच्याकडून सगळ्या कागदांचा एक संच मागून घ्या.

ताब्याचा आदेश कायमचा नसतो. मूल मोठं होतं, बदली होते, कुणाचं दुसरं लग्न होतं. परिस्थिती बदलली की आदेशात बदल मागता येतो. त्यासाठी पुन्हा त्याच टेबलाशी या, नवा अर्ज भरा, आणि ती जुनी दुरेघी वही सोबत आणा.